शेवटची साखळी कोणाला?

मार्च २०२० मध्ये ब्रिटनने टाळेबंदी जाहीर केली, तेव्हा अत्यावश्यक म्हणून उघडी ठेवता येतील अशा दुकानांच्या यादीत किराणा आणि औषधांबरोबर सायकलची दुकानेही होती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तेच केले. बसमध्ये आणि रेल्वेत गर्दी नको होती, पण परिचारिकेला रुग्णालयात, सफाई कामगाराला कामावर आणि घरपोच सामान देणाऱ्याला दारोदार पोहोचणे भागच होते. म्हणजे सायकल चालत राहायला हवी होती आणि ती चालती ठेवणारे दुकानही. निर्णय शहाणपणाचाच होता, पण तो अर्धा होता. दुकानाचे दार उघडे राहिले. त्या दुकानाला लागणारा माल कुठून येणार आणि आला तर आधी कोणाच्या हाती पडणार, हे मात्र बाजारावर सोडून दिले गेले.

पुढची दोन वर्षे सायकलींच्या तुटवड्याची चर्चा झाली, ती बहुतेक नव्या सायकलींबद्दल. दुकाने रिकामी, पसंतीचा आकार नाही, पुढच्या वर्षी या. ती गैरसोय मी नाकारत नाही. पण खरी इजा झाली ती वापरात असलेली सायकल मोडल्यावर दुरुस्त होईना, तिथे. ती इजा जितकी विषाणूने केली तितकीच रांगेच्या क्रमानेही केली. ज्याचे पोट सायकलवर अवलंबून आहे, त्याची गरज कारखान्यापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर मागे ढकलली गेली. तो क्रम माणसांनी ठरवलेला आहे, म्हणून माणसांना बदलताही येईल, आणि घाई नसताना बदलणे सोपे आहे.

आधी मागणीचे पाहू. एनपीडी या बाजारपाहणी संस्थेच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत मार्च २०२० मध्ये साध्या, हौसेने चालवायच्या सायकलींची विक्री आदल्या मार्चपेक्षा १२१ टक्क्यांनी वाढली होती. एप्रिलमध्ये सायकली, सुटे भाग, हेल्मेट वगैरे सगळे धरून उलाढाल ७५ टक्क्यांनी वाढून सुमारे एक अब्ज डॉलरवर गेली. या आकड्यांत नव्या सायकली दिसतात; माळ्यावरून, तळघरातून, जिन्याखालून बाहेर काढलेल्या जुन्या सायकली दिसत नाहीत. त्यांतल्या कित्येकींचे टायर भेगाळलेले, ट्यूब चिकटलेल्या, ब्रेकच्या तारा गंजलेल्या. अशी प्रत्येक सायकल दुकानात आली की दोन टायर, दोन ट्यूब, एखादी साखळी, ब्रेकचे पॅड आणि तारा मागते. नवी सायकल हे सगळे अंगावर घालूनच कारखान्यातून निघते. त्यामुळे जुन्या सायकलींच्या लाटेने दुकानाच्या खणांतले सुटे भाग आधी संपवले, आणि ते नेमके स्वस्त, रोज लागणारे भाग होते. महागडे कार्बनचे चाक खणात पडून होते. साधी ट्यूब नव्हती.

साखळी मिळाली नाही तर नेमके काय होते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. साखळीच्या दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच असते. वापराने खिळे आणि त्यांच्याभोवतीचा धातू झिजतो, ते अंतर किंचित वाढते आणि अख्खी साखळी लांबते. बारा इंचांत एक सोळांश इंच वाढ झाली की साधारण अर्धा टक्का झीज झाली. दुकानात यासाठी पत्र्याची छोटी मापपट्टी असते; ती साखळीत सहज उतरली की मेकॅनिक म्हणतो, आता बदला. अकरा-बारा गिअरच्या बारीक साखळीला अर्धा टक्का, जुन्या जाड साखळीला पाऊण टक्का, ही सर्वसाधारण मर्यादा. तिथे बदलली तर खर्च एका साखळीचा. नाही बदलली, तर लांबलेली साखळी मागच्या चक्रांचे दात आपल्या मापाने झिजवत जाते. मग कधीतरी नवी साखळी मिळाली तरी ती त्या झिजलेल्या दातांवर बसत नाही. चढावर पेडलवर जोर दिला की सटकते, आणि रहदारीत सटकली तर चालवणारा पडतो. आता साखळीबरोबर मागची चक्रेही बदलायची. काही दिवसांनी पुढचेही.

एका साखळीची दोन-तीन महिन्यांची वाट अशी ग्राहकाला कितीतरी पटीने महाग पडते. हौशी सायकलस्वार सायकल बाजूला ठेवून थांबू शकतो. रोज कामावर जाणारा थांबू शकत नाही. तो झिजलेल्या साखळीवरच चालवत राहतो. म्हणजे तुटवड्याचा दंड सर्वात जास्त त्यालाच बसला, ज्याला तो भरणे सर्वात जड होते. या काळातल्या तोट्याचा हिशेब मांडताना हा खर्च कुठल्याच वहीत येत नाही, कारण तो थोडाथोडा असंख्य खिशांतून गेला.

भाग येत का नव्हते? जगातल्या मध्यम आणि वरच्या दर्जाच्या गिअरच्या सायकलींचे गिअर, ब्रेक आणि साखळ्या मोजक्याच कंपन्यांकडून येतात आणि त्यांत जपानच्या साकाई शहरातली शिमानो सर्वात मोठी. १९२१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी ऐन तुटवड्यात शंभर वर्षांची झाली. तिचे कारखाने जपान, सिंगापूर, मलेशिया, चीन इथे आहेत. मलेशियात १ जून २०२१ पासून कडक टाळेबंदी लागू झाली आणि तिथल्या उत्पादनालाही फटका बसला. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधले कारखाने बंद राहिले होते. मार्च-एप्रिलमध्ये मंदी येणार या भीतीने सायकल बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी स्वतःच मागण्या कमी केल्या आणि नंतर काही आठवड्यांतच उलटे चित्र दिसले. गिअरच्या काही भागांसाठी प्रतीक्षा चारशे दिवसांच्या पुढे गेली. तैवानमधल्या जायंट आणि मेरिडासारख्या मोठ्या सायकल कंपन्यासुद्धा भागांसाठी थांबून होत्या.

जहाजांचे वेगळेच. चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीस फुटी कंटेनर न्यायला महामारीपूर्वी दोन हजार डॉलरच्या आत भाडे पडे. सप्टेंबर २०२१ मध्ये ते वीस हजारांच्या वर गेले. सायकल ही हलकी पण जागा खाणारी वस्तू आहे. एका कंटेनरात खोक्यातल्या अडीचशेच्या आसपास सायकली बसतात असे धरले तर प्रत्येक सायकलीमागचे भाडे आठ डॉलरच्या आतून ऐंशीवर पोहोचते. स्वस्त सायकलीच्या किमतीत ही वाढ लपत नाही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले, तेव्हा त्या मार्गाने युरोपला जाणारा मालही खोळंबला. पण साखळ्या आणि पॅड जागा खात नाहीत. एका सायकलीच्या खोक्याइतक्या जागेत शेकडो साखळ्या मावतात. शेकडो बंद सायकली पुन्हा रस्त्यावर आणणारा माल इतक्या थोड्या जागेत येऊ शकत असताना तो येत नव्हता, याला जहाजे कमी पडली हे पुरेसे उत्तर नाही.

उत्तर रांगेत आहे. कारखान्यातून बाहेर पडणारे गिअर आणि साखळ्या दोन वाटांनी जातात. एक वाट सायकल जोडणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे, तिथे मागण्या हजारोंच्या आणि महिनोन् महिने आधी नोंदवलेल्या. दुसरी वाट वितरकाकडून छोट्या दुकानाकडे, तिथे मागणी कधी पाचची, कधी दहाची, आणि तीही ग्राहक दारात उभा राहिल्यावर. माल अपुरा पडला की पहिली वाट आधी भरली जाते. दुसऱ्या वाटेवरही अनेक शाखांची मोठी दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते छोट्या दुकानाच्या पुढे असतात, कारण तेही घाऊक घेतात. कोपऱ्यावरचा दुकानदार रांगेच्या शेवटी, आणि त्याचा ग्राहक त्याच्याही मागे.

भाग बनवणाऱ्यांची बाजू इथे सांगायला हवी. जोडणीच्या कारखान्यात एक गिअर नसल्यामुळे बाकी सगळी तयार सायकल अडून राहते. अशा अर्धवट सायकलींनी गोदामे भरली होती. एका भागाने एक पूर्ण सायकल विक्रीला मोकळी होत असेल, तर तो भाग तिकडे पाठवणे हिशेबाला धरूनच आहे. शिवाय मोठा ग्राहक दुखावला तर पुढची दहा वर्षे तोटा. हे मला समजते. पण तोच भाग छोट्या दुकानात गेला असता तर तिथेही एक पूर्ण सायकल मोकळी झाली असती, तीही आधीच विकत घेतलेली, सवयीची, उद्या सकाळी कामावर नेणारी. फरक इतकाच की तिचे पैसे कंपनीला पूर्वीच मिळाले होते. ज्याने एकदा पैसे मोजले त्याची सायकल चालती राहावी, ही विक्रेत्याची जबाबदारी विक्रीबरोबर संपत नाही. संपते असे मानायचे असेल, तर टिकाऊ वाहन म्हणून तिची जाहिरात करण्याचा हक्कही उरत नाही.

आता दुकानाकडे येऊ. टाळेबंदीतल्या दुकानाच्या आतली जागा सायकलींनी भरलेली, प्रत्येक हँडलला चिठ्ठी बांधलेली: अमुक पॅड आले की, तमुक भाग आला की. काम सुरू करून अर्ध्यात सोडलेल्या या सायकली जागा अडवतात आणि पैसे देत नाहीत, कारण काम पुरे झाल्याशिवाय बिल होत नाही. फोन सतत वाजतो आणि प्रत्येक फोनवर तेच उत्तर द्यावे लागते. या अवस्थेत खणात एकच साखळी उरली आणि तीन जण मागायला आले, तर ती कोणाला द्यायची?

सरळ उत्तर म्हणजे जो आधी आला त्याला. ते न्याय्य वाटते, भांडण टळते आणि दुकानदारालाही सोपे पडते. तरी मला ते पटत नाही. आधी कोण येतो? ज्याला कामाच्या वेळेत मोकळीक आहे, ज्याला फोन करून नोंद करता येते, जो आगाऊ पैसे ठेवू शकतो, आणि जो तीन दुकानांत नाव लावून ठेवतो. दोन पाळ्या करणारी परिचारिका किंवा दिवसभर डबे, पार्सल पोहोचवणारा मुलगा दुकान बंद व्हायच्या वेळी धापा टाकत येतो. आधी आला त्याला, हा नियम वरून समान दिसतो, पण त्याचा फायदा सवड असलेल्यालाच होतो. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने "तुम्ही रोज यावरच जाता का?" एवढा एक प्रश्न विचारला आणि त्यावर क्रम ठरवला, तर त्यात पक्षपात नाही. ज्या दुकानांनी असे केले, त्यांनी अत्यावश्यक या शिक्क्याला खरा अर्थ दिला. काही ग्राहक खोटे सांगतील, हे खरे. छोट्या दुकानदाराला आपली गिऱ्हाइके ओळखता येतात, आणि पाचातले एक खोटे निघाले तरी उरलेल्या चौघांना योग्य क्रमाने काम मिळते.

ग्राहकाकडूनही काही मागण्यासारखे होते, आणि आहे. एका ट्यूबची गरज असताना सहा घेऊन ठेवणे, चार दुकानांत एकाच भागाची मागणी नोंदवून पहिल्याकडून मिळताच बाकीच्यांना न कळवणे, यामुळे दुसऱ्याची सायकल बंद राहते. घाबरलेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण हीच गोष्ट वरच्या पायऱ्यांवर मोठ्या प्रमाणात झाली आणि तिने पुढे फार नुकसान केले. मागितले त्याच्या निम्मेच मिळते हे कळल्यावर दुकानांनी दुप्पट मागितले, वितरकांनी त्यावर आपली भर घातली, कंपन्यांनी त्यावर आपली. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले जे फॉरेस्टर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिले होते: ग्राहकाच्या मागणीतली छोटी हालचाल एकेक टप्पा मागे जाताना वाढत जाते आणि कारखान्यापाशी पोहोचेपर्यंत लाट होते. साठ वर्षे माहीत असलेली गोष्ट डोळ्यांदेखत घडली.

२०२२ मध्ये ती लाट किनाऱ्याला लागली. रखडलेला सगळा माल एकदम आला, आणि तोवर लोक पुन्हा कार्यालयांत, गाड्यांत, विमानांत जाऊ लागले होते. शिमानोची विक्री २०२२ मध्ये उच्चांकावर होती, २०२३ मध्ये ती जवळपास एक चतुर्थांशाने घसरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनमधला विगल चेन रिअॅक्शन हा मोठा ऑनलाइन विक्रेता दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. त्याच वर्षी मूर लार्ज हा जुना ब्रिटिश वितरक बंद पडला. मोठ्यांनी माल खरेदीच्या भावाखाली विकायला काढला. चढ्या भाड्याच्या काळात माल भरून ठेवलेल्या छोट्या दुकानाला त्या भावात विकणे म्हणजे घरचे घालून देणे. तुटवड्यात शेवटी उभे राहिलेले दुकान पुराच्या वेळी पहिल्या रांगेत आले.

तुटवड्यात काही मेकॅनिकांनी जे करून दाखवले, ते मला फार मोलाचे वाटते. १९८४ मध्ये शिमानोने ठरावीक खाचांवर टकटक बदलणारे गिअर आणले. त्याआधी घर्षणावर चालणारा खटका असे. गिअर नीट लागेपर्यंत हाताने सरकवायचा. तो खटका बहुतेक कुठल्याही कंपनीच्या मागच्या यंत्रणेबरोबर चालतो, कारण त्याला खाचांचे माप जुळवायचे नसते. नेमका भाग मिळत नाही म्हटल्यावर जाणत्या मेकॅनिकांनी हे खटके पुन्हा काढले, जुन्या सायकलींचे भाग उतरवून ठेवले, दहा गिअरच्या जागी नऊ बसवून गाडी रस्त्यावर आणली. ग्राहकाला कळ दाबून गिअर बदलायची सोय गेली, पण सायकल मिळाली.

ही सोय जितकी जुन्या सायकलींवर झाली तितकी नव्यांवर झाली नाही, आणि त्याचे कारण तुटवड्याच्या फार आधीचे आहे. पेडलचा आस जिथे बसतो त्या एका जागेचे गेल्या वीसेक वर्षांत इतके प्रकार झाले की नावे पाठ ठेवणे कठीण. पूर्वी आट्याचे एक-दोनच प्रकार सर्वत्र चालत. मागच्या चाकावर चक्रे बसवायच्या नळीची मापे कंपनीगणिक वेगळी. चौकटीला यंत्रणा जोडणारा हँगर म्हणजे बोटभर अॅल्युमिनियमचा तुकडा, तोही मॉडेलगणिक वेगळा. तो वाकला आणि मिळाला नाही की अख्खी सायकल उभी. दुकानदाराने नेमका कोणता ठेवायचा? शंभर प्रकार ठेवले तरी एकशे एकावा मागणारा येतोच. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये त्या मापाने बनवलेल्या कोणत्याही चौकटीला चालेल असा एकच समान हँगर पुढे आणला आणि इतर चौकट बनवणाऱ्यांना तो वापरू दिला. तो पुष्कळांनी स्वीकारला. म्हणजे हे होऊ शकते. झिजणाऱ्या आणि मोडणाऱ्या भागांची मापे समान असणे हा तुटवड्यावरचा सर्वात स्वस्त विमा आहे, कारण मग एका कंपनीचा कारखाना बंद पडला तरी दुसरीचा भाग बसतो.

सरकारांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्याय होईल. बोगोटा, पॅरिस, बर्लिन इथे तात्पुरत्या सायकल मार्गिका आखल्या गेल्या. फ्रान्सने मे २०२० पासून प्रत्येक सायकलीच्या दुरुस्तीला ५० युरोंपर्यंत मदत दिली आणि त्या योजनेत दहा लाखांहून जास्त सायकली दुरुस्त झाल्या. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये ५० पौंडांची दुरुस्ती-कुपने काढली. पहिल्या ५० हजार कुपनांसाठी इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोलमडले. पैसा दुरुस्तीला दिला, नव्या खरेदीला नाही, हे मला अगदी योग्य वाटते. पण कुपनाने पैसा येतो, साखळी येत नाही. भाग मर्यादित असताना मदत सरसकट वाटली की ज्यांची सायकल दहा वर्षे धूळ खात होती तेही त्याच खणातले पॅड मागायला येतात, आणि रोज चालवणारा आणखी मागे जातो. अशा योजनेचा पहिला हप्ता रोजच्या कामासाठी सायकल वापरणाऱ्यांना राखून ठेवता आला असता.

त्याहून महत्त्वाचे काम कंपन्यांच्या बाबतीत आहे. जिथे सायकल विकायची तिथे त्या मॉडेलच्या झिजणाऱ्या भागांचा ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी राखून ठेवणे आणि काही वर्षे पुरवत राहणे, ही विक्रीची अट असायला हवी. टंचाई जाहीर झाली की तो वाटा जोडणीच्या कारखान्याकडे वळवता येणार नाही. वितरकानेही दुकानांना माल वाटताना गेल्या वर्षीच्या खरेदीबरोबर किती सायकली दुरुस्तीला पडून आहेत हे विचारात घ्यावे.

यावर आक्षेप येईल की साठा ठेवणे म्हणजे पैसा अडकवणे, आणि तो खर्च शेवटी ग्राहकच भरणार. भरेल. पण राखीव साठ्याची गोष्ट साखळ्या, तारा, पॅड, ट्यूब, हँगर यांची आहे. टायर-ट्यूबचे रबर वर्षानुवर्षे साठवता येत नाही हे मान्य, त्यांचा साठा फिरता ठेवावा लागेल. साखळी मात्र तेल लावून खोक्यात ठेवली तर वर्षानुवर्षे खराब होत नाही. नव्या सायकलीच्या किमतीत यासाठी पडणारी भर, झिजलेल्या साखळीने खाल्लेल्या चक्रांच्या किमतीपुढे किरकोळ आहे. दुसरा आक्षेप असा की महामारी शंभर वर्षांतून एकदा येते, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? कारखाने बंद पडायला महामारीच लागत नाही. भूकंप, युद्ध, बंदराचा संप, अडकलेले एक जहाजही पुरते. सायकलचे भाग आजही त्याच मोजक्या ठिकाणी बनतात, आणि २०२३ च्या घसरणीनंतर वितरकांनी साठे पुन्हा आटोक्यात आणायला सुरुवात केली. तुटवडा नसताना दुरुस्तीसाठी वाटा बाजूला काढायला कोणाचीही जोडणी थांबवावी लागणार नाही.